करंगळीएवढे अंतर

अल दुहैल, दोहा, गुरुवार, सायंकाळ

गतवर्षी कन्या आणि जामात यांना नॉर्वेच्या उत्तर टोकाला नोकऱ्या मिळाल्या. तिला किर्केनेसला, त्याला हॅमरफेस्टला. तेव्हा नकाशावर करंगळी ठेवून मी निर्णय दिला होता, "एवढेसे तर अंतर! दोह्याहून मदिनत अश शमालला जाऊन यावे, तसे भेटत जा." दोघांनी विश्वास ठेवला. पंधरा वर्षे कतारमध्ये काढल्यावर तासाभराहून लांबचा रस्ता असतो, हेच विस्मरणात जाते. रस्ता वळतो, हेही.

आज हिमवर्षावामुळे तिचे हॅमरफेस्टला जाणारे विमान रद्द. रस्ता विमानमार्गाच्या जवळजवळ दुप्पट, खाड्यांना वळसे घालत जाणारा. सकाळी एकटीच गाडी घेऊन निघाली. फोनवर म्हणाली, "बाबा, रिलॅक्स! करंगळीएवढंच तर आहे."

सौभाग्यवतींचे दुपारपासून एकच वाक्य: "अहो, मोजा आता करंगळीने!"

आठ तासांत पोहोचायला हवी होती. दहावा चालू आहे. फोन लागत नाही. तिकडे मध्येच रेंज जाते म्हणे. जात असेलही.

अशा प्रसंगी चित्तस्थैर्य हेच प्रौढत्वाचे लक्षण. मी सर्वथा निर्विकार आहे. करंगळीचे नख मात्र शिल्लक नाही.