हाफ्नियमवरचं पाणी

मंगळवार, १२ जून २००७. अड्यार.

आमचा मदतनीस सेल्वम, त्याची बायको आज प्रयोगशाळेत आली होती, त्याचा मागे राहिलेला डबा न्यायला. हाफ्नियम धातूची पूड आम्ही बाटलीत पाण्याखाली ठेवतो; सुकली की साध्या ठिणगीनं पेटते. गेल्या आठवड्यात पेटली, आणि सेल्वम भाजला; त्यातच गेला. गाडीत घालेपर्यंत "तण्णी, तण्णी" करत होता. पाणी, पाणी.

"पाणी दिलंत ना, अण्णा?" तिनं विचारलं.

"दिलं. प्यायला तो."

खोटं. मी पेला पुढे केला, तर त्यानं मान फिरवली आणि कपाटाकडे बोट दाखवलं. तिथल्या पुडीच्या दुसऱ्या बाटलीतलं पाणीही आटत आलं होतं. त्या पुडीसाठी पाणी मागत होता. आमच्यासाठी. हे तिला का नाही सांगितलं मी?

"पिऊन काही बोलले?"

मी डबा तिच्या हातात दिला. घरी आलो, तरी ती उत्तराची वाट बघत डोळ्यांसमोर उभीच आहे.