ऑप्शनला टाकलेला धडा

२ मार्च १९८६, रविवार
डी. फार्म.ला मायक्रोबायॉलॉजीत गेल्या वर्षी नापास झालो, त्यात पेपर तपासणाऱ्याची चूक होती. यंदा प्लॅन पक्का. पहाटे पाचला उठणे. डिसइन्फेक्शन तोंडपाठ करणे. 'स्पोअर्स' हा धडा ऑप्शनला. तीन वर्षांत त्यावर प्रश्न नाही, आणि पानं अकरा.

३ मार्च, सकाळी ८
पाचचा गजर आयेने बंद केला. पोराची झोप मोडेल म्हणून. उद्यापासून नक्की.

९ मार्च
आये ओहोटीला खाडीत कालवं काढायला गेली, पायाच्या तळव्यात शिंपलं घुसलं. खोल. दादूमामा म्हणाला, सरकारी दवाखान्यात नेऊया, धनुर्वाताचं इंजेक्शन देतील. म्हटलं, घरात फार्मसीवाला असताना रांग कशाला? परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याने धुतलं, वर स्पिरिट, वर घट्ट पट्टी. हवासुद्धा आत शिरणार नाही. बॅक्टेरिया खलास. आये शेजारच्या नसीमाचाचीला सांगत होती, माजा पोर निम्मा डाक्टर झाला.

१३ मार्च
जखम सुकली. मामाला पट्टी सोडून दाखवली. ही केस पेपरात उदाहरण म्हणून लिहिणार. आजचा अभ्यास: दोन पानं.

१७ मार्च
आयेचा जबडा आखडलाय. भाकरी तोंडात जाईना. वारा लागला असणार. मिठाच्या पुरचुंडीने शेकलं. मामाने परत इंजेक्शनचं काढलं. ओरडलो त्याच्यावर, जखम तर बरी झाली ना!

१८ मार्च
मान मागे ताणली गेली. मामाने मला न विचारता रिक्षा आणली. डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शन कधी दिलं होतं? मी स्पिरिटचं सांगितलं. ते खाली बघून लिहीत राहिले.

२१ मार्च
आये गेली.

३ एप्रिल
दिवसकार्य उरकलं. मामा मला काही बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
आज तो धडा काढला. धनुर्वाताचे स्पोअर्स, म्हणजे जंतूंची झोपलेली बीजं, मातीत, चिखलात असतात. कवच कडक, स्पिरिटने मरत नाहीत. हवा मिळाली नाही की वाढतात. पहिल्याच पानावर आहे.
अकरा पानांना पाऊण तास लागला.

२८ एप्रिल, सोमवार
पेपर झाला. सहापैकी पाच प्रश्न सोडवायचे. सहावा: स्पोअर्स, उदाहरणासह. सोडला असता तरी चाललं असतं. मी तेवढाच लिहिला. उदाहरण लिहिता आलं नाही.
ऑक्टोबरला परत बसेन. आज गजर पाचला वाजला. खूप वेळ वाजत राहिला. मी जागाच होतो, पण वाटलं, आये उठून बंद करेल.