इंदापूर केवळ वाटेत लागते

मंगळवार, १८ जानेवारी १९५५. बारामती.

उद्या पहाटे प्रस्थान. बारामती ते सोलापूर, पायी, पाठीवर सामान. ऑफिसची रजा मंजूर. गल्लीभर सांगून ठेवले आहे, म्हणजे माघार नाही. इंदापूर केवळ वाटेत लागते. सौ. सध्या तिथे माहेरी आहे, त्याचा या मोहिमेशी काडीचाही संबंध नाही.

झाले एवढेच, की संक्रांतीला तिला नव्या बांगड्या भरायच्या होत्या आणि मी काच या पदार्थाच्या ठिसूळपणावर शांतपणे चार शब्द बोललो. (ते शेजारच्या प्रयागबाईंना ऐकू गेले, हा भिंतीचा दोष.) सौ.ने ट्रंक भरली आणि एस.टी.त जाऊन बसली. तेव्हापासून घर शांत आहे. इतकी शांतता मी मागितली नव्हती.

नियम: वाहनात बसायचे नाही. कुणाचे फुकट घ्यायचे नाही. इंदापुरात थांबायचे नाही.

सामान: मिलिटरीच्या भंगारातली सॅक, स्टोव्ह, दोरखंड, नकाशा. शिवाय डझनभर हिरव्या बांगड्या, टॉवेलात गुंडाळून. मोठे प्रवासी अदलाबदलीसाठी असे काहीबाही जवळ बाळगतात. कासाराने माप विचारले तेव्हा ‘सव्वादोन’ तोंडून निघून गेले. काहीतरी सांगावे लागतेच.

बुधवार, १९. दुपार.

बूट चावतात. सॅकचे पट्टे खांद्यात रुतले आहेत. दोरखंड कशाला घेतला? वाटेत चढ म्हणून नाही.

संध्याकाळ.

उसाच्या गाडीवर बसून आलो. बैलगाडीला इंजिन नसते, तेव्हा तिला वाहन म्हणता येणार नाही. नियम शाबूत.

गाडीवान कुंडलिक. विचारू लागला, सासुरवाडीला निघालासा व्हय? मी ठणकावून सांगितले, सोलापूर! तो म्हणाला, दाढी घोटून, धुतलेला सदरा घालून सोलापूरला कोन चालत जातंय? मंडळी रुसली असंल. मी विषय बदलला. उतरताना त्याने दोन ऊस सॅकला बांधले, ‘वैनीला द्या.’ फुकट नको म्हणून दोरखंड देऊन टाकला. तो खूश, खांदाही खूश.

गाडीच्या हिसक्यांनी एक बांगडी वाढवली. (फुटली म्हणू नये, असे सौ. म्हणते.) ठिसूळपणाबद्दलचे माझे मत खरे ठरले. आनंद मात्र झाला नाही.

गुरुवार, २०. शेळगाव.

पायाला फोड. वांग्याच्या शेतातल्या ठमाबाईंनी हाक मारून बांधावर बसवले, भाकरी-ठेचा वाढला. सोलापूरचे सांगितले. त्या उसाकडे बघत म्हणाल्या, मंडळीला आणाया चाललाय आन् निस्ता ऊस? भरताची वांगी न्या. बदल्यात स्टोव्ह दिला. त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला.

या लोकांना कोण सांगते? माझ्या तोंडावर लिहिले आहे काय?

दुपारी समोरून एस.टी. आली. खिडकीतून कुणीतरी हात काढून ओरडले. पदयात्री वाहनांकडे बघत नसतो. मी मान वळवली. तोंडभर धूळ. वैतागून हमरस्ता सोडला आणि नकाशातली आडवाट धरली.

शुक्रवार, २१. कळस.

आडवाट कळसला निघाली, म्हणजे मागेच आलो. नकाशा चुकीचा नाही. मी तो उलटा धरला होता, इतकेच.

फोड फुटले. धोंडाबाईंच्या ओट्यावर बसलो तो उठवेना. ना ओळख, ना पाळख. त्यांनी गरम पाण्याने पाय शेकले, तेल चोळले, पिठले-भाकरी घातली. सोलापूरचे सांगायचे त्राण नव्हते. त्याच म्हणाल्या, इंदापूर न्हवं? पोचशीला. मला उगीचच भरून आले. थकव्याने होते तसे.

निघताना तिळगुळाची पुडी दिली, ‘सूनबाईला माझ्याकडनं.’ सौ.ला त्यांनी पाहिलेले नाही. आता मात्र नियमाचा प्रश्न. द्यायला काही उरले नव्हते. त्यांची सून सारजा म्हणत होती, यंदा कासार हिकडं फिरकलाच न्हाय. मी टॉवेल सोडला आणि अकरा बांगड्या तिच्यापुढे ठेवल्या.

घेईना. कुनासाठी घेतल्या व्हत्या? असे विचारत होती. कुणासाठी नाही, असे सांगितले. तेव्हा घेतल्या.

तत्त्व राखले. टॉवेल परत सॅकच्या तळाशी कोंबला.

शनिवार, २२.

भाजीच्या ट्रकमधून इंदापूर गाठले. नियम वाहनात बसण्याविरुद्ध आहे. मी सबंध वाट उभा होतो.

रविवार, २३. इंदापूर.

थांबलेलो नाही. फक्त पाय सुजल्यामुळे कालपासून इथे आहे.

काल दारात सासरे आप्पासाहेब भेटले. मी सोलापूरला जाता जाता सहज डोकावलो म्हटले आणि आत बघत राहिलो. ते म्हणाले, लीला तर गुरुवारीच गेली की बारामतीला. दुपारची एस.टी. घर आठवायला लागलं म्हणाली.

गुरुवार. दुपार. समोरून आलेली एस.टी. खिडकीतला तो हात.

सासूबाई कुशाबाई ताटावर बसवून सांगत होत्या, हितं कासार आला हुता, पोरीसोरींनी भरल्या, लीला न्हाय म्हणाली. म्हणाली, तुमी भांडलासा तरी आणशीला.

आणशीला, म्हणाली.

पुरणपोळी होती. दोन घास गेले.

सोमवार, २४. बारामती.

एस.टी.ने आलो. बसून आलो. नियमांचे काय ते नंतर बघू.

सौ. घरी. मला बघून आधी पायांकडे पाहिले आणि पाणी तापत ठेवले. गुरुवारी इतक्या हाका मारल्या, असे म्हणाली. धुळीत ऐकू आले नाही, म्हणालो.

तिने सॅक उपसायला घेतली. वांगी कुणाची, ऊस कुणाचा, तिळगूळ कुणाचा, सगळे विचारले. मी सांगितले. कोण कुठले लोक, किती माया करतात, म्हणाली. मग सॅकच्या तळाशी हात घातला. थोडा वेळ चाचपत राहिली. टॉवेल निघाला. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

तिने टॉवेल झटकला. हिरव्या काचेचा एक तुकडा फरशीवर पडला.

उचलून तिने तो मनगटाला लावून पाहिला. बाक बरोबर बसला. मला सारजाचे, अकरा बांगड्यांचे सगळे सांगायचे होते.

सोलापूर कसे होते, असे तिने विचारले.

लांब आहे, म्हणालो.