एकशे सत्तावीस दाते

प्रिय अर्धसूत,

अनेक आशीर्वाद. लहानपणी तू अर्ध्या सुताएवढी, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाएवढी होतीस, म्हणून ठेवलेले हे नाव अजून सुटत नाही. पत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी चौथी पास असलो, तरी शुद्धलेखनाची चूक आढळल्यास तांबड्या शाईने खूण करून कळवावे. राग मानणार नाही. प्रथम बातमी. टेकडीवरच्या वस्तीत गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पाणी चढले. चाळीस घरांचे पाणी आजवर बायकांच्या डोक्यावरून जात होते. आता ते नळातून जाते, आणि तो नळ पंपाला जोडणारे कपलिंग आपल्या लेथवर झालेले आहे.

घडले ते क्रमाने सांगतो. दोन देशांतली इंजिनिअर मंडळी सुट्टी काढून, बिनपगारी, या कामासाठी आली होती. एका मंडळाने पंप आणला, दुसऱ्याने नळ. माल दोन्हीकडचा नंबरी. जोडायला गेले, तर पंपाचे आटे इंचाचे आणि नळाचे मिलिमीटरचे. पत्रांतून आकडे कळवले होते, माप कोणते ते दोघांनीही लिहिले नव्हते. बाहेरून कपलिंग मागवायचे तर दोन महिने, आणि मंडळी रविवारी परतणार. तेव्हा एक उंच गृहस्थ आणि एक ठेंगण्या बाई आपल्या कारखान्यात आल्या. एकमेकांची चूक काढण्याऐवजी दोघेही माझीच क्षमा मागत होते. मला ‘सर’ म्हणाले. तुझी आई दाराआड हसली. मी ‘उद्या घेऊन जा’ असे सांगून मोकळा झालो.

शब्द देताना एक गोष्ट विसरलो. आपला लेथ इंचाचा. त्याच्यावर मिलिमीटरचे आटे बरोबर पडत नाहीत. जवळचे माप धरून पाडले. नळ दोन फेरे फिरला आणि अडकला. दुसरा तुकडाही भंगारात गेला. आई म्हणाली, सुतात मोजणारा माणूस शेवटी मिलिमीटरला अडला. त्याचे उत्तर दाराला टेकून पडले होते.

तू कॉलेजातून आणलेला तो गिअर तुला आठवत असेल. पाच इंचांचे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर होतात, म्हणून एकशे सत्तावीस दाते. तो चढवला की आपलाच लेथ दोन्ही मापे बोलेल, असे तू गिऱ्हाइकांसमोर सांगितलेस. मी म्हणालो, माझ्या लेथला शिकवायला येऊ नकोस. तू गिअर खाली ठेवलास आणि निघालीस. त्याला सहा वर्षे झाली. तू घरी येतेस, आईजवळ बसतेस, परंतु कारखान्याची पायरी चढत नाहीस. गिअर मी दाराला टेकू म्हणून लावला. परवा तो उचलताना आईने विचारले, सहा वर्षे दारात पडलेल्या लोखंडाला गंज कसा नाही. मला ऐकू आले नाही.

दाते मी दोनदा मोजले. एकशे सत्तावीसच भरले. गिअर चढवला, आटे पाडले, आणि नळ शेवटच्या फेऱ्यापर्यंत हाताने फिरत गेला. पान्याची गरज पडली नाही. पाणी आले तेव्हा वस्तीतल्या एका म्हातारीने नळाखाली हात धरला आणि काढलाच नाही. त्या दोन देशांच्या मंडळींचे तर असे सूत जुळले, की पुढचे काम तिसऱ्या देशात एकत्र करायचे ठरले आहे.

आता पत्राचे कारण. तिथेही हीच अडचण येणार, म्हणून त्यांना कपलिंगचे आणि गिअरच्या जोडणीचे ड्रॉइंग हवे आहे. ठेंगण्या बाई म्हणाल्या, मी काढते. मी नको म्हटले. आमच्या कारखान्याला इंजिनिअर आहे, ती काढेल, असे तुला न विचारता सांगून बसलो. ते माझे चुकले. सहा वर्षांपूर्वीचेही चुकले. ड्रॉइंगच्या कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात दोन चौकटी आहेत. ‘बनवणार’ या चौकटीत मी सही केली आहे. ‘आखणार’ ही चौकट कोरी आहे. गिअर लेथवरच आहे, तो आता उतरणार नाही. त्यामुळे दार दिवसभर आपटते. येताना दुसरा टेकू घेऊन ये.

तुझाच,
बाबा