एकसष्ट सह्या

केरिएल, १७ जानेवारी १९९३

चि. आर्मेल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

नाताळचं पत्र पोचलं. म्हणजे तुझ्या ऑफिसचं पोचलं. टाइप केलेलं, वर 'प्रिय प्रेक्षक', खाली छापील सही आणि सोबत दात काढलेला फोटो. मी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली होती. उत्तर आलं की, माझ्यासारख्यांच्या प्रेमामुळेच तू इथवर आलास. गुडघ्याचं काय ते आता तरी कळव.

तू आपल्या भागातून संसदेच्या निवडणुकीला उभा राहतोयस, हे मला खाटकाच्या बायकोकडून कळलं, तेही रांगेत. ती विचारत होती, सिनेमातला विसराळू न्हावी आता संसदेत कुणाची हजामत करणार? मी म्हटलं, पहिली तुझ्या नवऱ्याची. हसले खरी, पण घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं. सख्ख्या बहिणीला बातमी रांगेत कळावी?

तुला ठाऊक आहे, सार्डिनच्या कारखान्यात होते तेव्हापासून, गेली बावीस वर्षं, नगरपालिकेत मतमोजणीच्या टेबलावर मी बसते. मतदाराने हव्या त्या उमेदवाराच्या छापील नावाचा कागद घालून पेटीत टाकलेला लिफाफा उघडायचा, नाव मोठ्याने वाचायचं, मी रेघ ओढायची. गेल्या खेपेला भाजीवाल्या गोर्वानने उमेदवाराच्या नावापुढे सणसणीत शिवी लिहिली होती, मत बाद. कागदावर पेनाचा ठिपकासुद्धा चालत नाही. या वेळी मात्र सख्खा भाऊ उभा, म्हणून मी टेबलावर बसणार नाही. वर्षातून एखादीच संध्याकाळ माणसांत जायची, तीही गेली बघ तुझ्यापायी.

लोभ असू दे, पण छापील नको.

तुझी,
स्वाझिकताई

•

पॅरिस, २ फेब्रुवारी १९९३

ती. ताईस,
आर्मेलचा शि. सा. न. वि. वि.

कान पकडले. ऑफिसातली मुलगी नवी आहे, तिला आपलं आडनाव लक्षात आलं नाही. गुडघा वाईटच आहे. जिना उतरताना कठड्याला मिठी मारावी लागते.

तुला सांगितलं नव्हतं, माझा रविवारचा कार्यक्रम शरदातच बंद झाला. एकोणीस वर्षं दर रविवारी दुपारभर साऱ्या देशाच्या घरात मी असायचो. वाहिनीवाले म्हणाले, नवा चेहरा हवा. आता पाववाला विचारतो, तुम्ही ते होतात ना? होतात! एलेन सोडून गेली त्याला पाच वर्षं झाली. जेवतो ते उभ्यानेच, मोरीपाशी, म्हणजे एकच ताट धुवावं लागतं. पक्षाची माणसं विचारायला आली तेव्हा मी आधी त्यांना कॉफी दिली, मग होकार. दोन महिन्यांत घरी आलेली ती पहिली माणसं होती.

एक मागतो. निवडून आलो तर मतदारसंघात घर लागेलच. आईची खोली मला दे. मंगळवार ते गुरुवार संसद, बाकीचे दिवस तुझ्या हातची गॅलेट, ती पातळ धिरडी. देशील ना?

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारा,
आर्मेल

•

केरिएल, २३ मार्च १९९३

चि. आर्मेल यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पहिल्या फेरीत दुसरा आलास, अभिनंदन. पहिल्या आलेल्या डॉक्टर त्रेगिएंच्या घरचे दोन दिवस कुणाशी बोललेले नाहीत, म्हणजे घाबरलेत.

आईच्या खोलीला रंग दिला. गादीला ऊन दाखवलं. खिडकीला पडदे शिवले, निळे, तुला आवडतात तसे. आवडतात ना अजून? जेवायला बसले की हल्ली दोन ताटं काढते आणि मग एक परत ठेवते. सवय लावून घेतेय.

एकच भीती आहे, ती लिहूनच टाकते. आधीचे खासदार केर्द्रेल, तेही इथेच राहायला येणार होते. त्यांच्या घराच्या खिडक्या ऑगस्टात पंधरा दिवस उघडायच्या. बाकी वर्षभर त्यांच्या ओट्यावर मांजरं. तू तसं करणार नाहीस ना रे?

दुसऱ्या फेरीचे मताचे कागद टपालाने उद्या-परवा घरोघर पोचतील, दोघांच्याही नावांचे. शुक्रवारी बाजारात ये. सगळं गाव तिथेच असतं.

माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ताई

•

पॅरिस, ३० मार्च १९९३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सव्वीस मतांनी पडलो, ते तू ऐकलंसच. मोजणी झाल्यावर तुला न भेटता गाडीत बसलो. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

शुक्रवारी बाजारात एका म्हातारीने टपालाने आलेला माझ्या नावाचा कागद पुढे केला आणि म्हणाली, सही द्या. तिला दिली, तर मागे रांगच लागली. पक्षाचा माणूस तिकडे गॅलेट खात बसला होता. ताई, शरदानंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं. प्रत्येकाला नाव विचारलं, 'प्रेमाने' असं लिहिलं आणि खाली सही केली.

रविवारी नगरपालिकेत मोजणीला उभा होतो. माझं नाव मोठ्याने वाचायचे, मग टेबलाचे प्रमुख तो कागद उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, बाद. एकट्या केरिएलमध्ये एकसष्ट वेळा. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. तू जानेवारीत लिहिलं होतंस, पण माझ्या ध्यानात कुठलं राहायला? निवडणूक नेहमी रविवारी, आणि एकोणीस वर्षं रविवारी मी कॅमेऱ्यासमोर. मत द्यायला कधी गेलोच नाही.

त्या बाजारात एवढी माणसं होती. एकालाही सांगावंसं वाटलं नाही?

खोली कुणाला तरी भाड्याने दे. ती खासदारासाठी होती. हरलेल्या न्हाव्याने तिथे येऊन काय करायचं?

आर्मेल

•

केरिएल, ४ एप्रिल १९९३

चि. आर्मेल यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

एकीला ठाऊक होतं. मला.

गोर्वानच्या गाडीपाशी कांद्याची पात घेऊन मी उभी होते. पहिली सही केलीस तेव्हाच लक्षात आलं. धावत येऊन सांगणारच होते. पण गर्दीतून वाट मिळेना, म्हणून रांगेत शिरले, हातात माझा कागद होताच. माझी पाळी आली. तू मान वर न करता विचारलंस, नाव काय लिहू?

मी म्हटलं, स्वाझिक. मग तू वर पाहिलंस, हसलास, माझे गाल चुंबलेस आणि पुढच्याचा कागद घेतलास. मी न सांगताच रांगेतून बाहेर पडले. वाटलं, हा जिंकला तर आणखी किती जणांना नाव विचारेल, आणि आईच्या खोलीची खिडकी ऑगस्टात उघडेल. हरला, तर कदाचित घरी येईल. इतकी मी नीच झाले. आणि आता तू हरलास, आणि येतही नाहीस.

मी मत दिलं ते मतदान केंद्रातल्या टेबलावरचा तुझ्या नावाचा बिनसहीचा कागद उचलून, तुलाच. तू सही केलेला कागद आईच्या चष्म्याजवळ खणात आहे. त्याने माझं पाप कमी होत नाही, हे मला कळतं.

रागव. पण टाइप करून रागवू नकोस.

तुझी,
ताई

•

पॅरिस, २५ एप्रिल १९९३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलोच होतो. तीन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात तुला नाही नाही ते लिहिलं होतं. दुसऱ्यात वकिलाचं नाव होतं. तिसऱ्यात मायन्यानंतर मी 'नाव काय लिहू' एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

राग अजून पुरता गेलेला नाही. उरलेला समोर बसून काढेन. गुरुवारी दुपारच्या गाडीने येतोय, दोन बॅगा आहेत. आईची खोली वर आहे आणि माझा गुडघा असा, तेव्हा जिन्यात हात द्यावा लागेल. दुसरं ताट परत ठेवू नकोस.

खाली सही करत नाही. माझ्या सहीने कागद बाद होतो.