रोपांना तिघांनी पाणी घातलं

पिंपळीला अक्काबाईस, कळंबहून भाऊ श्रीपतीचा जय भीम.

इथं माझं बरं आहे. खोकला कमी आहे. तू गुडघ्याला तेल लावतेस ना? फोनवर बोललो तर सुनेला, मोनालीला ऐकू जातं, म्हणून लिहितो.

टोमॅटोची रोपं गेली. बुद्धभूषण पहाटे फिरतीवर निघताना पाणी घालायचा. मोनाली बारामतीची बस धरायच्या आधी घालायची. घाईत दोघं विसरली असतील म्हणून दुपारी मी घालायचो. कुणी कुणाला विचारलं नाही. मुळं कुजली आणि सगळ्या ट्रेमधली रोपं आडवी झाली.

मोनाली म्हणाली, "आबा, तुमी तरी घरातच व्हता की."

पोरगा रागावलासुद्धा नाही. "आमच्या फिरतीत शेती व्हत न्हाय. रान वाट्यानं देऊन टाकू," एवढंच बोलला.

मला रोपं राखायलाच आणलं होतं. आता सकाळी उठून कुठं जावं कळत नाही. रिकाम्या ट्रेपाशी जाऊन बसतो. मला न्यायला कुणी येईल का, बघ.

तुझ्या मिरचीच्या रोपांना तू एकटीच पाणी घाल. शेजारीण मदतीला आली तर चहा पाज, पण झारी तिच्या हाती देऊ नकोस.

जिवाला जप.

श्रीपती