तीन प्रश्नचिन्हं

११ ऑगस्ट, सोमवार

आबांच्या कॉम्प्युटरवर माझ्या प्रोग्रॅमची खिडकी उघडते, बटणं दिसतात, आवाज नाही! आबांनी 'पाणी' दाबलं. काही नाही. 'चहा' दाबलं. काही नाही. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

माझ्या लॅपटॉपवर सगळं वाजतं. तीनशे बारा शब्द – ऑपरेशनच्या आधी चार दिवस बसून त्यांच्याच आवाजात भरून घेतलेले. तीस वर्षं पवनानगर-कामशेत जीप चालवली, ओरडून ओरडून पॅसेंजर भरले. कॅन्सरमुळे स्वरयंत्रच काढावं लागलं, त्याला महिना झाला. तेव्हा मी म्हटलं होतं, आबा, घाबरू नका, तुमचा आवाज घरातच राहील. मोठी शहाणी मी!

१२ ऑगस्ट

प्रोग्रॅमला शब्दांचं फोल्डर सापडतच नाही. शेजारीच तर आहे! मी फोल्डरमध्ये जाऊन हाताने उघडला की वाजतो. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उघडला की मुका.

लोणावळ्याला धम्मदीपला फोन केला. कॉलेजपासून माझ्या कोडमधल्या चुका तोच काढतो. हसला नाही, हे नशीब. म्हणाला, "कोमल, तू त्याला विचारतेस, आत्ता कुठं उभा आहेस. तुझं गाव कुठलं, असं विचार."

म्हणजे प्रोग्रॅम कुठून उघडला ते नाही, तो मुळात कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलाय ते विचारायचं. एवढं साधं! चार वर्षं नोकरी करून मला एवढं कळू नये. लाज वाटली.

१४ ऑगस्ट

विचारलं त्याला गाव. उत्तर आलं – सी ड्राइव्ह, युजर्स, आणि पुढे ???. तीन प्रश्नचिन्हं! असलं फोल्डर जगात असणार कुठून? आवाज नाहीच.

आबांनी आज कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. मऊ भात केला होता, दोन घास खाऊन ताट सरकवलं. आई विचारते, "कवा बोलत्याल गं ते?" मी म्हणते, होईल. खोटं बोलते मी. मला काहीही येत नाही.

१५ ऑगस्ट

शाळेची प्रभातफेरी दारावरून गेली. आबा दर वर्षी पोरांना गोळ्या वाटायचे. आज उठलेही नाहीत.

१६ ऑगस्ट

सापडलं – आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. ती तीन प्रश्नचिन्हं म्हणजे आ, ब आणि काना! कॉम्प्युटरवर आबांचं नाव मीच मराठीत घातलं होतं. कौतुकाने! मी कोडमध्ये वापरलेली पद्धत जुनी, तिला इंग्रजीच अक्षरं कळतात. बाकी सगळ्यांना प्रश्नचिन्ह. नाव बदलून इंग्रजीत केलं, तर आतल्या फोल्डरचं नाव तसंच राहिलं.

धम्मदीप म्हणाला, सगळं उचलून डी ड्राइव्हमध्ये टाक आणि मोकळी हो. नाही टाकणार! मराठीत नाव लिहिलं म्हणून बापाला त्याच्याच घरातून बाहेर काढू?

१७ ऑगस्ट

हट्टापायी अख्खा दिवस गेला. काय मिळवलं? आबा तसेच, भिंतीकडे तोंड.

१८ ऑगस्ट

धम्मदीपने दुसरी पद्धत पाठवली, कुठल्याही लिपीतलं नाव ओळखणारी. प्रश्नचिन्हं गेली. अख्खा पत्ता आला, मधोमध 'आबा'. 'पाणी' हळूच वाजवून बघितलं. वाजलं.

आनंद व्हायला हवा होता. आठ दिवसांत त्यांनी माझ्याकडे एकदाही नीट बघितलेलं नाही. वाजलं तरी दाबतील का? मी त्यांना जास्तच दुखावलं, दुसरं काही नाही केलं.

१९ ऑगस्ट

दाबलं! पहिलंच बटण – 'आगं ए'. आईला ते अशीच हाक मारायचे, नाव कधी घेतलं नाही. ती मागच्या दारी भांडी घासत होती. राखेचे हात तसेच घेऊन धावत आली – "आले, आले! काय वो?" – आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तोंड मिटलेलं होतं. मग ती खालीच बसली.

आबांनी माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं. समोर ही वहीच उघडी होती. खालची ओळ त्यांची आहे.

पोरी काडून टाक. तुजी आय फसती.